सिनेट हाउसचं कार्ड आणि त्याचे चार कोपरे

आमच्या घरात प्रवासाचे दोन पंथ आहेत. दिलीपरावांचा खाण्याचा आणि माझा टपाल कार्यालयांचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकानेही दुसऱ्याचा पंथ स्वीकारलेला नाही. लखनौला मी त्यांना सकाळभर टपाल कार्यालयाच्या पायरीवर बसवून ठेवलं आणि त्यांची मख्खन-मलाई हुकली, हे ते आजही पाहुण्यांना सांगतात. म्हणून चेन्नईचं ठरलं तेव्हा त्यांनी आधीच बजावलं की या खेपेला समुद्र, देऊळ आणि इडली यांना हात लावायचा नाही. उरलेल्या वेळात मी काय वाटेल ते करावं.

ज्यांना माझ्या नादाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी ऐतिहासिक इमारतींची टपाल तिकिटं जमवते आणि त्यांची 'मॅक्झिमम कार्डं' करते. म्हणजे एखाद्या इमारतीचं चित्र असलेलं पोस्टकार्ड मिळवायचं, त्याच इमारतीचं तिकीट चित्राच्या बाजूवर चिकटवायचं आणि त्या इमारतीच्या जवळच्या टपाल कार्यालयात स्वतः जाऊन त्यावर शिक्का मारून घ्यायचा. चित्र, तिकीट आणि शिक्का यांची पत्रिका जुळली पाहिजे. आपण फोटो काढून छापून आणलेलं कार्ड परीक्षकांना चालत नाही. ते कधीकाळी दुकानात विकलं गेलेलं असावं लागतं. आणि चित्रांची पोस्टकार्डं आता विकतंय कोण?

नागपूरच्या प्रदर्शनात माझ्या इमारतींच्या फ्रेमला दर वेळी रौप्यपदक मिळतं. गेल्या खेपेला परीक्षकांनी बाजूला घेऊन सांगितलं की मांडणी सुवर्णाची आहे, पण दक्षिण फार कच्ची दिसते. झालं. मद्रासच्या सिनेट हाउसचं तिकीट माझ्याकडे होतंच. त्या इमारतीचं जुनं पोस्टकार्ड एका संग्राहकाकडून मोठ्या मिनतवारीने मिळवलं. ते देताना त्यांचा चेहरा मुलगी सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता. असं दुसरं कार्ड मिळणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. सुवर्णपदकाचं गाडं आता या एका कार्डावर येऊन थांबलं होतं.

मैलापूर, शुक्रवार

रेल्वेचा प्रवास सोडून देते, कारण त्यात दिलीपरावांच्या डब्याशिवाय काही घडलं नाही. फेब्रुवारी संपत आला होता. अकोल्यात या दिवसांत हवा पापडासारखी कोरडी असते. चेन्नईत स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि कोणीतरी अंगावर ओला टॉवेल टाकल्यासारखं झालं. रिक्षा मैलापूरला पोहोचेपर्यंत माझ्या साडीचा आणि रिक्षाच्या सीटचा चांगलाच घरोबा झाला.

माझा भाचा निनाद गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. आठवडाभर तो तिकडेच राहतो आणि त्या शनिवार-रविवारीही कामामुळे येणार नव्हता, पण मैलापुरात एका घराच्या माडीवर त्याने खोली घेऊन ठेवलेली आहे. आमचा मुक्काम तिथे होता. घर कावेरीअक्कांचं. अक्का तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज राजांच्या काळात खाली आले ते खालीच राहिले. अक्कांनी महाराष्ट्र पाहिलेला नाही. सगळं आयुष्य मद्रासच्या टेलिफोन कचेरीत गेलं. यजमान वारल्यापासून त्या एकट्याच राहतात आणि भाडेकरू असेल तेव्हा त्याला दोन्ही वेळा जेवायला घालतात. नऊवारी नाही, पण मराठी मात्र जुनं. आणि त्याला वरून तमिळ हेल.

"या या. निनाद सांगितला, मावशी येते म्हणून. कधीपासून वाट पाहत बसल्यें मी," त्या दारातच म्हणाल्या आणि आमच्या हातात वाफाळती कॉफी दिली. वाटी आणि उंच पेला अशी ती जोडी पाहून दिलीपराव सुखावले. मग अक्कांनी जेवायला पिठलं आहे असं सांगितलं, तेव्हा तर त्यांचे डोळे पाणावायचेच बाकी राहिले. पानावर जे आलं त्यात चिंच होती, डाळ होती, खोबरं होतं आणि कारल्याच्या फोडी होत्या. आमच्या पिठल्याचं हे कोण, चुलत की मावस, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा ते मनापासून जेवत होते.

माझी तंद्री मात्र पहिल्याच तासात उडाली. सिनेट हाउसची माझ्याकडची तीन तिकिटं जपायची म्हणून मी ती पर्समध्ये ठेवली होती आणि पर्स जपायची म्हणून पोटाशी धरली होती. व्हायचं तेच झालं. घामाने आणि दमट हवेने तिन्ही तिकिटांचा गोंद सुटून ती एकमेकांना चिकटली होती. घाबरून ओढायला गेले तर एक फाटलं. दुसऱ्याच्या घुमटाची सालच निघाली. तिसरं अक्कांनी दिलेल्या वाटीभर पाण्यात भिजवून, श्वास रोखून सोडवलं, ते वाचलं. ते चिकटवायला अक्का भाताची शितं घेऊन आल्या. मी त्यांना माझी डिंकाची बाटली दाखवली, तेव्हा जरा हिरमुसल्या.

तिकीट कार्डावर बसवलं. आता ते नीट वाळेपर्यंत हलवायचं नव्हतं आणि ओल तर अजिबात लागू द्यायची नव्हती. पण त्या घरात कोरडी जागा होती कुठे? मिठाच्या बरणीतसुद्धा तांदूळ घातलेले होते. अक्कांनी मला त्यांचं देवघर दाखवलं. भिंतीतलं लाकडी कपाट, आत अखंड समई, त्यामुळे वरची फळी तापलेल्या तव्याइतकी नसली तरी चांगली उबदार.

"इथें ओल लागायची नाहीं. देवापाशीं ठेवा, ते बघून घेतात," त्या म्हणाल्या.

हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना तिकीट, शिक्का, प्रदर्शन असं सगळं समजावलं. सगळं पोहोचलं की नाही कोण जाणे, पण फार महत्त्वाचं काम आहे आणि यासाठीच इतक्या लांबून आले, एवढं मी दोनदा सांगितलं. त्या मान हलवत गंभीरपणे ऐकत होत्या.

चेपॉक, शनिवार

कार्ड देवांच्या हवाली करून आम्ही इमारत बघायला निघालो. मैलापूरहून उंच खांबांवरून धावणारी एक गाडी चेपॉकला जाते. ती इतकी रिकामी होती की दिलीपरावांनी दोन खिडक्या वापरून पाहिल्या.

सिनेट हाउस समोर आलं आणि मी रस्त्यातच उभी राहिले. जी इमारत वर्षानुवर्षं नखाएवढ्या आकारात भिंगाखाली पाहिली, ती एकदम आभाळाला टेकलेली दिसली की माणूस गांगरतोच. लाल विटा, कोपऱ्यांतले मनोरे, त्यांवरचे फुगीर घुमट. तिकिटावर नसलेल्या पुष्कळ गोष्टी तिथे होत्या. विजेच्या तारा, कबुतरं, समुद्राचा खारट वास, आणि फाटकावरचा रखवालदार, ज्याने आम्हाला हसतमुखाने आत सोडलं नाही. मी पर्समधून तिकिटाची झेरॉक्स काढली, एक डोळा मिटला आणि हात लांब करून कागद इमारतीशी जुळवू लागले. चित्रकाराने नेमकं कुठे उभं राहून हे काढलं असेल ते शोधायचं, हा माझा प्रत्येक गावातला विधी आहे. त्यासाठी मी मागे मागे सरकत गेले. दिलीपरावांनी दंड धरून ओढलं नसतं तर बसखाली गेले असते. मग त्यांनीच मला रस्त्याच्या कडेने नेलं आणि एका झाडाखाली उभं केलं. जागा सापडली. मला इतका आनंद झाला की समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या मिरचीच्या भज्यांना मी एका शब्दाने बोलले नाही, उलट दोन खाल्ली.

तिथून चालत तिरुवल्लिकेणीत गेलो. अरुंद गल्ल्या, एकट्या नोकरदार मुलांनी भरलेल्या जुन्या माड्या, प्रत्येक कठड्यावर वाळत घातलेल्या लुंग्या. तिथल्या एका टपाल कार्यालयात मला सोमवारी शिक्का हवा होता. शनिवारी नुसता अंदाज घ्यायचा होता. खिडकीपलीकडे माझ्याच वयाच्या, केसांत मोगऱ्याचा गजरा माळलेल्या बाई होत्या. मी माझं इंग्रजी आणि त्यांचं इंग्रजी यांची गाठ घालून देण्याचा प्रयत्न केला. तिकीट पत्त्याच्या बाजूला लावायचं असतं, असं त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. चित्रावर लावलेलं असेल तर? तर तुमचं चुकलं. आणि पाठवायचं नाही तर शिक्का कशाला? रांग वाढत होती. शेवटी त्यांनी 'मंडे' एवढंच म्हटलं आणि शेजारचा पाकिटांचा गठ्ठा ओढला.

मग त्यांनी शिक्के मारायला सुरुवात केली. त्या शिक्का मारत नव्हत्या, खलबत्त्यात काहीतरी कुटत होत्या. प्रत्येक तिकिटावर काळा डाग पडत होता. त्यात गाव, तारीख, काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं. माझं सिनेट हाउस त्या हाताखाली जाणार होतं. बाहेर आल्यावर दिलीपराव म्हणाले, बाईंचा व्यायाम चांगला होतो.

मैलापूर, रविवार

रविवार करारानुसार त्यांचा होता. आम्ही कपालीश्वराच्या देवळात गेलो, तळ्याकाठी बसलो, गोपुरावरच्या रंगीत मूर्ती मान दुखेपर्यंत पाहिल्या. आपल्याकडे देवळात शिरताना देवाला भेटायची घाई असते. इथे लोक दर्शन झाल्यावर निवांत बसून राहतात, गप्पा मारतात, कोणी डब्यातला दहीभातही खातं. दिलीपरावांना ही प्रथा फारच धार्मिक वाटली. तिथून ते इडलीच्या शोधात गेले आणि मी मागोमाग. त्यांनी त्या दिवशी किती इडल्या खाल्ल्या ते मी इथे लिहिणार नाही. त्यांचे डॉक्टरही वाचतील.

घरी परतलो तेव्हा अक्का देवघरासमोर दिवा नीट करत होत्या. मी सहज कार्ड पाहायला म्हणून वाकले आणि माझा हात तिथेच थांबला.

कार्डाच्या चारही कोपऱ्यांना हळद लावलेली होती. बोटाने, नीट, ठसठशीत. लग्नपत्रिकेला लावतात तशी.

मला वाटतं मी काहीतरी आवाज केला असावा, कारण अक्का वळल्या. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"मोठं काम म्हणून सांगितलीस नव्हे? असलं कागद रिकामं कसं पाठवायचं? हळद मी लावल्यें. सगळं सरळ होईल बघ."

मी कार्ड उचलून घेतलं. माडीवर आले, दार लावलं आणि रडले. खरंच रडले. हातरुमालाने एक कोपरा पुसून पाहिला तर पिवळा रंग जास्तच पसरला. पावाच्या मऊ तुकड्याने डाग टिपायची एक युक्ती आम्ही संग्राहक करतो. दिलीपरावांनी खालून पाव आणून दिला, तो पिवळा झाला आणि कार्डही पिवळंच राहिलं. हळद ती. कागदात शिरली की तिथेच नांदते. डागाळलेल्या कार्डाचे गुण कापतात, निर्दयपणे कापतात, हे मला माहीत होतं. सुवर्णपदक त्या चार कोपऱ्यांत संपलं होतं आणि मला अक्कांचा भयंकर राग आला होता. विचारायचं तरी! दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी माणूस एक शब्द विचारतो!

दिलीपराव खाटेवर बसून होते. ते सहसा माझ्या तिकिटांबद्दल बोलत नाहीत.

"तू त्यांना काय सांगितलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"महत्त्वाचं काम आहे म्हणून सांगितलं. दोनदा."

"मग त्यांनी महत्त्वाच्या कामासारखंच वागवलं ना ते."

जेवायला खाली जायची माझी इच्छा नव्हती, तरी गेले. वाढता वाढता अक्का सांगत होत्या की त्यांच्या सासूबाई घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदाला हळद लावत. परीक्षेच्या प्रवेशपत्राचा कागद असो, नोकरीचा अर्ज असो. टेलिफोन कचेरीचा अक्कांचा अर्जही तसाच पिवळ्या कोपऱ्यांनी गेला होता, आणि साहेबाने मुलाखतीत त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी न लाजता सांगितलं होतं. सासूबाई गेल्या, मुलं परदेशी गेली, आता घरातून जाणारं महत्त्वाचं असं काही कागदपत्र राहिलेलंच नाही, सगळं फोनवर होतं, असं त्या म्हणाल्या. खूप वर्षांनी बोट हळदीत बुडवलं. माझा राग तिथे ताटातच विरघळला. दुःख मात्र होतं तिथेच होतं.

तिरुवल्लिकेणी, सोमवार

दुसरं तिकीट नव्हतं, दुसरं कार्ड नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी आमची परतीची गाडी होती. तेव्हा हळद तर हळद, निदान शिक्का तरी घेऊ, असं ठरवून आम्ही टपाल कार्यालयात गेलो. खिडकीत त्याच बाई होत्या. आजचा गजरा अबोलीचा होता. मी कार्ड पुढे सरकवलं आणि तिकीट चित्रावर का आहे याचं पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

त्यांचं भाषणाकडे लक्षच नव्हतं. त्या कार्डाचे कोपरे पाहत होत्या. त्यांनी मान वर करून मला आपादमस्तक पाहिलं, मग मोडक्या हिंदीत विचारलं, "पूजा में रखा?"

मी म्हटलं, हो, दोन दिवस.

त्या उठल्या. शिक्का हातात घेऊन त्यांनी त्याच्या अक्षरांत अडकलेली जुनी शाई टाचणीने कोरून काढली, फडक्याने पुसला. आतून शाईची नवी गादी मागवली. कार्डाखाली घडी केलेलं वर्तमानपत्र ठेवलं. रद्दी कागदावर एक ठसा घेतला, तो पसंत पडला नाही, तारीख सारखी केली, दुसरा घेतला. मागची रांग कुरकुरली, तेव्हा त्यांनी तमिळमध्ये असं काही सुनावलं की रांग सरळ झाली. नेमका कुठे हवा, असं त्यांनी मला खुणेने विचारलं. मी तिकिटाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं: निम्मा तिकिटावर, निम्मा चित्रावर, घुमट मोकळे. त्यांनी श्वास रोखला, मीही रोखला, आणि दिलीपरावांनी, ज्यांना यातलं काही कळत नाही, त्यांनी डोळे मिटून घेतले.

शनिवारी जो हात कुटत होता तो आज हलकेच टेकला, जरासा डोलला आणि उचलला गेला.

इतका स्वच्छ शिक्का माझ्या आख्ख्या संग्रहात नाही. गावाचं नाव, पिनकोड, तारीख, बारीक वर्तुळ, सगळं स्पष्ट. घुमटांना शाईचा थेंबही लागला नव्हता. बाईंनी कार्ड वाळेपर्यंत दोन्ही हातांत आडवं धरलं, मग डोळ्यांना लावलं आणि मला परत दिलं. मी त्यांना नमस्कार केला.

अक्कांना कार्ड दाखवलं तेव्हा त्यांनी ते खिडकीजवळ नेऊन पाहिलं. त्यांना आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. सरळ होणार हे त्यांनी सांगितलंच होतं. प्रदर्शनात लागलं की फोटो पाठव, एवढं म्हणाल्या आणि वाटेत खायला चिंचेचा भात बांधून दिला.

अकोला

घरी आल्यावर फ्रेम लावायला बसले. कार्ड जाड कागदावर बसवताना त्याच्या चार कोपऱ्यांना छोट्या कागदी टोप्या घालतात, जुन्या अल्बममध्ये फोटोंना असायच्या तशा. काळ्या टोप्यांचं पाकीट माझ्या हातात होतं आणि एकदम लक्षात आलं की हळद नेमकी टोप्यांखाली जाते. अगदी नेमकी. परीक्षकाला दिसणार फक्त चित्र, तिकीट आणि तो देखणा शिक्का. मी दिलीपरावांना हाक मारली, टोप्या ठेवून दाखवल्या. डाग नाहीसा. ते म्हणाले, चला, आलं तुझं सुवर्ण. आणि स्वयंपाकघरात पेढे शोधायला गेले.

मी बराच वेळ ते कार्ड पाहत बसले. मग काळ्या टोप्या पाकिटात घातल्या आणि पारदर्शक टोप्या लावल्या.

नागपूरला परीक्षकांनी भिंगातून शिक्का पाहिला, मान डोलावली आणि मग कोपऱ्यांवर पेन्सिल टेकवून विचारलं, हे काय? मी सांगितलं, हळद. त्यांनी गुण कापले. पुन्हा रौप्यपदक. मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्या संध्याकाळी मी फार जेवले नाही.

तरी अक्कांनी सांगितलं होतं म्हणून फ्रेमचा फोटो काढून त्यांना पाठवला. सगळ्या इमारती ओळीने, लखनौ, म्हैसूर, दिल्ली, आणि मधोमध सिनेट हाउस. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. फोटो निनादने मोठा करून दाखवला होता, प्रत्येक कार्ड नीट पाहिलं म्हणाल्या. शिक्का आवडला. इमारती आवडल्या. मग आवाज खाली आणून, कोणाच्या घरचं उणं बोलावं तसं विचारलं:

"पण शुभा, बाकीच्यांस कोणी हळद लावलं नाहीं कीं?"

मी वळून फ्रेमकडे पाहिलं. खरंच, लखनौ आणि म्हैसूर बिचारे कसेसेच दिसत होते.